पायावरची जाळी

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर ही मापाची पट्टी घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, हे माझं काम. त्यानं स्वभावही तसाच झालाय असं माझा नवरा प्रकाश म्हणतो. झाला बिला काही नाही, होताच. हे आधीच सांगते, कारण पुढे दोन-तीन ठिकाणी मी काही फार शहाण्यासारखी वागलेली नाही, आणि ते लपवून लिहायचं तर लिहायचंच कशाला?

ज्या आजाराबद्दल लिहितेय त्याचं नाव म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा, मोटारसायकलच्या मॉडेलसारखं. मला ते पाठ व्हायला महिना लागला. तुम्ही पाठ करू नका. एवढं कळलं तरी पुरे की यात रक्तवाहिन्यांना सूज येते, आणि त्याचं कारण माणूस जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं. हा आजार फार दुर्मिळ आहे म्हणतात. आमच्या घरात तरी नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध काय घ्यावं हे मला विचारू नका. पण घरात कुणाला असलं काही निघालं तर पाठच्या भावंडांना धरून तपासायला न्या, ती रडोत, भांडोत, बोलणं टाकोत. एवढं एकच सांगायला मी हे सगळं लिहायला बसले आहे.

कंपनीतला मंगळवार

सकाळचे साडेदहा. चहाची गाडी नुकतीच येऊन गेली होती. माझ्या हातात नळकांड्यासारखा एक लोखंडी बुश होता आणि व्हर्नियरवर मला दोन-दोन रेघा दिसत होत्या. डोळे चोळले. बुशही दोन झाले. समोर ऑपरेटर उभा होता, त्याला म्हटलं, "रिजेक्ट." म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते काहीतरी भलतंच, लापशीसारखं.

शेजारची सुनीता हसली. "काय गं वैशाली, तोंडात काय कोंबलंयस?" मग तिचं लक्ष माझ्या ओठाकडे गेलं. डावा कोपरा खाली लोंबत होता. तिनं मला खुर्चीवर दाबून बसवलं आणि अशी किंचाळली, की प्रेसशॉपमधली माणसं धावत आली. तिथल्या मशिनांच्या आवाजात तिची किंचाळी ऐकू गेली यावरून काय ती समजा.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. बीपी नाही, साखर नाही. दवाखान्यात जो येईल तो एकच विचारायचा, "ताई, टेन्शन घेता का?" आता क्वालिटीत काम करणारी, घरी नऊ वर्षांची मुलगी असणारी बाई टेन्शन घेणार नाही तर काय पेढे घेणार? पण चौतीस वर्षांच्या बाईला अर्धांगाचा झटका का येतो, याचं उत्तर टेन्शन एवढंच निघालं आणि पाच दिवसांनी मला घरी सोडलं. महिन्याभरात ताप आला, डाव्या पायाचा तळवा बधिर झाला, आणि चालताना चप्पल पायातून निघून गेली तरी मला कळेना. मग दुसरं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टर म्हणजे सांध्यांच्या आणि असल्या सुजेच्या आजारांच्या मॅडम. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फायलीकडे बघितलंच नाही. माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि विचारलं, "ही जाळी कधीपासून आहे?"

माझ्या पिंढऱ्यांवर आणि मांड्यांवर जांभळट रेघांची जाळी आहे. थंडीत गडद होते, उन्हाळ्यात फिकी पडते. जन्मापासूनची. शाळेत असताना मी त्यामुळे कायम लांब मोजे घालायचे. कुणी विचारलं तर आई म्हणायची, जन्मखूण आहे, आणि विषय बदलायची.

"लहानपणापासून," मी म्हटलं.

"घरात अजून कुणाला आहे?"

"राजूदादाला होती. त्याला पाठीवरही होती."

"ते कुठे असतात?"

"नाही तो. एकोणिसाव्या वर्षी गेला. लकवा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का. मी अगदी तोऱ्यात सांगितलं, हो, माझ्या वडिलांनी, आबांनी, सख्ख्या मामाची मुलगी केली. आमच्या चांदवडकडे यात लपवण्यासारखं काही नाही, उलट मान आहे. मामाची पोरगी म्हणजे हक्काची, घरातलं घरात. माझी आजी ही आईची सासू आणि सख्खी आत्याही. मॅडमनी कागदावर गोल आणि चौकोन काढले आणि आई-आबांच्या मध्ये एक रेघ ओढली. मग तिच्या खाली अजून एक ओढली. नात्यातलं लग्न असं दुहेरी रेघेनं दाखवतात, हे मला नंतर कळलं.

वॉर्ड

सतरा दिवस होते मी तिथे. पहाटे साडेपाचला सुई. सहाला लादी पुसायला येणार, फिनेलच्या वासानं उठवणार. सातला चहा, त्यात साखर किती ते नशिबावर. नऊला मोठ्या डॉक्टरांचा राउंड, त्यांच्या मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात, आणि प्रत्येकाला माझे पाय बघायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तिकीट लावू का?" मॅडम पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा.

पायाच्या कातडीचा तुकडा काढला, पोटातल्या नसांचा फोटो काढला, आणि रक्त बाहेरगावी पाठवलं. त्या रक्ताचा रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागणार होते. तोवर स्टिरॉइड. त्यानं चेहऱ्याचा भोपळा झाला. माझी मुलगी तन्वी भेटायला आली तर क्षणभर दारातच थांबली, मग प्रकाशच्या मागे लपली. ते मला फार लागलं. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

भीतीचं खरं सांगू? मरणाची भीती नव्हती. दादाची होती. त्याचं सगळं मी सोळाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी पाय, मग हात, मग बोलणं. गावात त्याला कबुतराच्या रक्तानं मालीश केलं, कुठल्या कुठल्या मुळ्या उगाळून पाजल्या, चांदवडच्या डॉक्टरनं ताकदीच्या बाटल्या लावल्या. शेवटचे चार महिने तो माझ्याकडे नुसता बघायचा. वॉर्डात पडल्या पडल्या मी दर तासाला हळूच स्वतःचं नाव, गाव, पिनकोड बोलून बघायचे. जीभ नीट वळतेय ना? पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणे, "जप करता का हो?" मी म्हटलं हो.

तिथे एक मावशी होत्या, वॉर्डातल्या. माझा डावा हात तेव्हा नीट उचलत नव्हता, वेणी घालता यायची नाही, आणि प्रकाशला वेणी घालायला सांगितली तर त्यानं दोरखंड वळला. या मावशी रोज दुपारी ड्यूटी संपल्यावर दहा मिनिटं थांबायच्या, माझ्या डोक्याला तेल लावायच्या, घट्ट वेणी घालायच्या. "बाईमाणसानं झिपरं बसू नये, आजार लाडावतो," म्हणायच्या. त्या सतरा दिवसांत मला आजारी नसल्यासारखं वाटलं ते त्या दहा मिनिटांत.

नकाशातली चूक

रिपोर्ट आला त्या दिवशी मॅडमनी मला आणि प्रकाशला समोर बसवलं. म्हणाल्या, प्रत्येकाकडे शरीराच्या नकाशाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एका प्रतीत चूक असली तर दुसरी सांभाळून घेते, माणसाला काही होत नाही, कळतही नाही. तुमच्या दोन्ही प्रतींमध्ये एकाच जागी तीच चूक आहे. एकाच घराण्यातून ती दोन वाटांनी आली.

मला ते लगेच समजलं. ड्रॉइंगच चुकीचं असेल तर ऑपरेटरला शिव्या घालून उपयोग नसतो, तो मापात काम करतो आणि माल तरी रिजेक्ट होतो. मी विचारलं, "म्हणजे कुणाचीच चूक नाही?" मॅडम म्हणाल्या, "कुणाचीच नाही."

तन्वीचं विचारलं. तिच्याकडे माझी एक चुकीची प्रत नक्की गेलीय, पण प्रकाश आमच्या नात्यातला नाही, तिची तपासणी करू, पण फार घाबरू नका, म्हणाल्या. प्रकाशनं तेव्हा सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

यावर औषध आहे. दर पंधरा दिवसांनी पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन, त्याआधी टीबी नाही ना याची तपासणी. ते चालू झालं की झटके थांबतात, बहुतेकांचे. दादाच्या वेळी हा आजार अजून कुणाला सापडलाच नव्हता.

मग मॅडमनी कागदावरच्या तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "आणि हा?"

तो नीलेश. माझा धाकटा भाऊ.

"त्याला काही नाही," मी म्हटलं. "ठणठणीत आहे. जाळीही नाही."

"जाळी नसली तरी असू शकतं. चारात एक, प्रत्येकाला. एकाला लहानपणी झटका येतो, एकाला चाळिशीत, एखाद्याला बरीच वर्षं काहीच नाही. का ते अजून नीट माहीत नाही. पण पहिलाच झटका मोठा आला तर आपल्या हातात काही राहत नाही. त्यांना लवकर पाठवा."

नीलेश

नीलेश अठ्ठावीस वर्षांचा. आबा गेल्यापासून गावची शेती तोच बघतो, कांदा आणि थोडा मका. आई त्याच्याकडेच असते. मी फोन केला, सगळं समजावलं.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय ताई. पण आत्ता नको."

आत्ता का नको ते मला माहीत होतं. कांदेवाल्याच्या पोराला आजकाल मुलगी मिळत नाही. सगळ्यांना नोकरीवाला पाहिजे, नाशिक-पुण्यात फ्लॅट पाहिजे. तीन वर्षं हिंडून शेवटी सटाण्याजवळचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलगी डी.एड. झालेली, शेतकऱ्याच्या घरी यायला तयार. दोघं फोनवर बोलायचे, नीलेश शेतात एकटाच हसायचा म्हणे.

"आमच्याकडं आधीच कुणी पोरगी देत नाय," तो म्हणाला. "त्यात हे रक्ताचं, घराण्याचं कळलं की संपलंच. लग्न होऊ दे. मग तू म्हणशील तिथं सुई टोचून घेतो."

"आणि लग्नाआधी झटका आला तर?"

"मला काय व्हतंय?"

दादाही असंच म्हणायचा. मी ते त्याला सुनावलं, आवाज चढवून. त्यानं फोन ठेवला. मी परत केला. परत ठेवला. मी आठवडाभर रोज फोन करत होते आणि रोज जास्त वाईट बोलत होते. एकदा म्हटलं, "त्या पोरीला विधवा करायचंय का?" हे बोलायला नको होतं. पण बोलले.

शेवटी आईला हाताशी धरावं म्हणून गावी गेले. आईनं मला आल्या आल्या दूधभाकरी दिली, इंजेक्शनचं विचारलं, आणि नीलेशचा विषय काढताच म्हणाली, "त्याला काय करायची तपासणी? त्याला काय बी व्हणार नाय."

"तुला काय माहीत?"

"मला माहिती हाय."

"डॉक्टरपेक्षा जास्त?"

"व्हय. जास्त."

अकरा गोण्या

दोन दिवस मी तिच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. मी तिच्या पोटची, पण इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं.

"राजूच्या वेळंला सातवा महिना होता. गिराण लागलं होतं. गिराणात सुई धरायची नाय, चिरायचं नाय, हे काय मला ठाव नव्हतं? पण व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा. तुझा आजा म्हणला, कांद्याच्या गोण्यांची तोंडं शिवून द्या, त्यो थांबायचा नाय. मी दाभण घेतलं आन् शिवायला बसले. अकरा गोण्या शिवल्या."

तेव्हा कांद्याच्या गोण्या तागाच्या असायच्या, विरळ विणीच्या, आतला कांदा दिसावा अशा. जाळीच ती.

"राजू झाला. पाचव्या दिवशी आत्या, तुझी आजी, त्याला न्हाऊ घालत होत्या. पाणी पडलं तशी अंगावर जाळी उमटली. आत्या म्हणल्या, 'घे, गिराणात गोण्या शिवल्यास, पोराच्या अंगावर गोणी उतरली.' एकदाच म्हणल्या. परत कधी बोलल्या नाय. पण एकदा म्हणलं ते पुरं झालं."

मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं सांगितलं. माझ्या वेळी ती पूर्ण ग्रहण पाळून बसली होती, फक्त सुटायच्या जरा आधी राजूच्या सदऱ्याचं बटण लावलं. एकच बटण. "म्हणून तुला थोडीच हाय जाळी. म्हणून तू वाचलीस." आणि नीलेशच्या वेळी तिनं काहीही केलं नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही, अंथरुणावर सरळ पडून राहिली, कूसही बदलली नाही. "म्हणून त्याच्या अंगाला डाग नाय. त्याला काय बी व्हणार नाय."

अकरा गोण्या, एक बटण, काहीच नाही. दादा गेला, मी निम्म्यात, नीलेश ठणठणीत. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटनं कधी असा चोख तक्ता केला नाही. एकही रकाना चुकत नव्हता.

आणि मी काय करावं? मी ओरडले. "आई, काय हा अडाणीपणा! ग्रहणानं असलं काही होत नाही! तुझी ती आत्याच घेऊन आली असेल हा आजार, तिच्याच माहेरचा आहे हा!" हिशोबानं ते बरोबरही होतं. त्या चुकीची एक प्रत आजीकडूनच आबांना आली होती. जिनं आईला दोष दिला तिच्याच रक्तात ती होती. पण माझ्या ओरडण्यानं आई आणखी मिटली. लसणाची साल गोळा केली, उठली, आत गेली.

मग मी मागोमाग गेले. विचारलं, "दादा गेला तेव्हा तू रडली नाहीस. लोक म्हणायचे, दगड झाली. ते यामुळे?"

"ज्याच्या हातून झालं त्यानं कोणत्या तोंडानं रडायचं बाई?" आई म्हणाली, आणि चुलीवरचं दूध बघायला लागली.

मी आईला फसवलं

त्या दुपारी मी खूप विचार केला. आईला ग्रहण खोटं आहे हे पटवणं माझ्या हातात नव्हतं. मॅडमनी, सरकारनं, खुद्द देवानं येऊन सांगितलं तरी तिला तिचा तक्ता जास्त खरा होता. आणि मला तिचं मत बदलायचं नव्हतंच, मला नीलेशचं दहा मिली रक्त पाहिजे होतं.

म्हणून मी ओरडणं बंद केलं. संध्याकाळी चहा घेताना म्हटलं, "आई, नीलेशच्या वेळी तू सगळं नीट पाळलंस ना?"

"सगळं."

"मग रिपोर्ट चांगलाच येईल. घाबरायचं कशाला? उलट सटाण्याकडच्या लोकांच्या हातात चांगला रिपोर्ट ठेवता येईल. माझ्याबद्दल कुठूनतरी कळणारच आहे त्यांना."

आईनं कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "व्हय. हे खरं हाय." आणि बाहेर जाऊन तिनं नीलेशला हाक मारली.

ज्या आईला मी त्याच दिवशी अडाणी म्हटलं होतं तिच्याच श्रद्धेचा मी फायदा घेतला. रिपोर्ट वाईट आला तर तिचं काय होईल याचा विचार मनात आला होता. तो मी बाजूला सारला. मला याची लाज वाटते, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच करीन.

नीलेशनं आईचं ऐकलं, पण एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली. त्यानं त्या मुलीला फोन करून सांगितलं की बहिणीला असा आजार निघालाय, भाऊ यातच गेला, मी तपासणी करतोय. लपवून लग्न करणार नाही म्हणाला. मला त्याचा इतका अभिमान वाटला. चार दिवसांत तिच्या वडिलांचा निरोप आला, "आमचं सध्या थांबलंय." रक्त द्यायच्या आधीच.

नीलेश नाशिकला आला, रक्त दिलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "झालं तुझं समाधान?" त्यानंतर रिपोर्ट येईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तन्वीला मात्र गावाकडून पेरू पाठवायचा.

तिघं जण

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं मॅडमच्या खोलीत बसलो होतो. आई मध्ये, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन, अगदी निश्चिंत. तिनं येताना मॅडमना द्यायला शेंगदाण्याचे लाडू आणले होते.

मॅडमनी कागद उघडला आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं. त्यांनी नीलेशला सरळ सांगितलं. त्यालाही आहे. दोन्ही प्रतींमध्ये.

मॅडमनी विचारलं, कधी हात-पाय बधिर झाले, बोलताना अडखळायला झालं, डोळ्यासमोर अंधारी आली? तो म्हणाला नाही. मग मान खाली घालून म्हणाला, "यंदाच्या कांदालागणीला उजवा हात दोनेक तास उचलत नव्हता. मला वाटलं, वाफ्यात वाकून आखडला." त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा स्थळाचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, बरं झालं आत्ता आलात, डोक्याचा एमआरआय करू, टीबीची तपासणी आजच, औषध लगेच सुरू. नीलेशनं माझ्याकडे बघितलं. कित्येक आठवड्यांनी बघितलं. "ताई," एवढंच म्हणाला, आणि माझं मनगट घट्ट धरलं.

आईकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. ती मॅडमकडे बघत होती.

"पण याच्या वेळंला मी काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली.

मॅडमना काही समजलं नाही. मला समजलं, पण मी तोंड उघडलं नाही. या वेळी नाही.

"सुई धरली नाय. पाणी प्याले नाय. कूस बी बदलली नाय मी. मग याला कसं झालं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, ग्रहण, गोण्या. मला वाटलं त्या हसतील किंवा समजावायला लागतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तिघांनाही एकच आहे आई. तिन्ही वेळा तेच. तुम्ही शिवलं असतं तरी तेच, नसतं शिवलं तरी तेच."

"राजूलाबी?"

"त्यांचं रक्त आज माझ्याकडे नाही. पण ती जाळी, तो लकवा, आणि या दोघांचे रिपोर्ट बघता मला शंका वाटत नाही. त्यांनाही हेच होतं."

"म्हणजे गोण्यांनी नाय?"

"नाही."

आईनं हे ऐकलं. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, मी तसा आवाज तिचा कधी ऐकला नव्हता. पदर तोंडात कोंबला तरी तो थांबेना. ती पुढे वाकली, नीलेश तिला धरायला गेला, तिनं त्याचा हात धरला पण रडणं सुरूच. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले. नीलेश घाबरून म्हणत होता, "आई, मला काय नाय झालं, हे बघ, मी बराय."

एक सिस्टर पाण्याचा पेला घेऊन धावत आत आली. आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आजी, रडू नका असं. याच्यावर औषध आहे ना आता. तुमच्या मुलाला काही होणार नाही बघा."

आईनं पदर तोंडावरून काढला.

"याच्यासाठी नाय रडत गं बाई," ती म्हणाली. "याला मोठा भाऊ व्हता. त्याच्यासाठी रडते. तवा रडायचं राहून गेलं माझं."